हन्नाला झग्याचं माप ठाऊक होतं

(आपल्या कार्यक्षेत्रातल्या नवापूर तालुक्यातील एका मंडळीत, ऊसतोडीहून कुटुंबं परतल्यावर मे महिन्यात पालक मेळावा झाला. तिथं तरुण संघाचं काम पाहणाऱ्या एका आईनं केलेलं हे भाषण. मुलांची ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत.)



मी भाषण करणारी बाई नाही. शाळा नववीत सुटली. पण पाळकसाहेब म्हणाले, "तुम्ही संघात काय करता तेवढंच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. आज मला तुमच्याकडून एक गोष्ट मागायची आहे. ती पैशाची नाही. ती शेवटी सांगते.

आधी हन्नाची गोष्ट. ती तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तिनं रडून-रडून मुलगा मागितला, तिला शमुवेल झाला, आणि नवसाप्रमाणे तिनं त्याला शिलोच्या मंदिरात एली याजकाजवळ ठेवलं. आपण गोष्ट सांगताना इथंच थांबतो. पण शास्त्रात पुढं एक लहान गोष्ट लिहिली आहे. दरवर्षी यज्ञाला जाताना ती त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून न्यायची.

मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आले. पण तीन वर्षांपूर्वी एकदा माझ्या मनात आलं, मुलगा समोर नाही, वर्षातून एकदा दिसतो, मग हिला माप कसं कळायचं? हात किती लांब झाले, खांदा किती भरला, हे तिला घरी बसून कसं समजायचं? याचं उत्तर शास्त्रात नाही. पण आई म्हणून मला वाटतं, ती गेल्यावर त्याला नीट बघत असणार. एलीला विचारत असणार. मुलगा याजकाच्या हाती दिला म्हणून तिनं माप घेणं सोडलं नव्हतं.

आपण काय करतो? आपली मुलं आश्रमशाळेत, वसतिगृहात. दिवाळीला भेटतात, उन्हाळ्यात भेटतात. रविवारी ती पाळकसाहेबांच्या हाती. शनिवारी तरुण संघाच्या हाती. आणि आपण म्हणतो, बरं झालं, मुलं चांगल्या ठिकाणी आहेत. ठिकाण चांगलंच आहे. पण माप कोण घेतं?

आता माझी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी आपल्या तरुण संघाच्या वहीत बत्तीस मुलांची नावं होती. त्यांना बघायला एक मुलगा होता, एकोणीस वर्षांचा. गाणी छान शिकवायचा. दिवाळीनंतर त्याला सुरतेला काम मिळालं आणि तो गेला. त्यात त्याची चूक नाही, त्याच्या घरी कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. पण तो गेला आणि संघ बंद पडला. ढोल चर्चच्या कपाटावर जाऊन बसला.

माझी मुलगी तेव्हा चौदाची होती. शनिवारी संध्याकाळी ती घरी बसून मोबाइल बघू लागली. मी पाळकसाहेबांकडे गेले आणि म्हटलं, "साहेब, कोणीतरी लीडर बघा की." ते सात गावांची उपासना बघतात, हे मला माहीत होतं. ते म्हणाले, "बघतो. तुम्हीही बघा." मी घरी आले आणि कोण-कोण मोकळं आहे ते मोजू लागले. हिची म्हातारी आजारी, त्याचं दुकान, तिला लिहिता येत नाही. सगळ्यांच्या अडचणी मला पाठ होत्या. माझं नाव मी मोजलंच नव्हतं.

दुसऱ्या रविवारी मी मुलीला म्हटलं, "मी संघ घेऊ का?" ती म्हणाली, "आई, तू आलीस तर मी येणार नाही."

तुमच्यातले बरेच जण हेच म्हणतात. मुलांना आई-बाप समोर नको असतात. हे खरं आहे, मी ते नाकारणार नाही. म्हणून आम्ही घरी चुलीजवळ बसून तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, संघात मी तिची आई नाही, सगळ्यांची काकी. तिला वेगळी वागणूक नाही, चांगली नाही आणि वाईटही नाही. दुसरी, चारचौघांत मी तिला रागावणार नाही. तिसरी, संघात ती किंवा तिच्या मैत्रिणी जे बोलतील ते मी घरी जेवताना काढणार नाही. तिसरी गोष्ट मला फार जड गेली. दोनदा मोडलीही. दोन्ही वेळा मी तिची माफी मागितली. मुलीची माफी मागायला मला संघानंच शिकवलं.

पुढं आणखी दोन आया आणि एक बाप आले, तेव्हा आम्ही गट पाडले. नियम असा केला की स्वतःचं मूल स्वतःच्या गटात नको. माझी मुलगी दुसऱ्या आईच्या गटात गेली, तिचा मुलगा माझ्याकडे आला. यातून काय झालं ते सांगते.

एका शनिवारी ती आई मला म्हणाली, "तुझी पोर तुला काही सांगणार आहे. नीट ऐक." रात्री मुलगी म्हणाली, तिला नर्सिंगला जायचं आहे, पण खर्च ऐकून बाबा नाही म्हणतील म्हणून ती गप्प होती. मला आधी वाईट वाटलं. माझ्या पोटची पोर, आणि तिनं हे आधी दुसऱ्या बाईला सांगितलं! रात्रभर झोप नाही. मग कळलं, मुलाला आईसारखं कोणीतरी लागतं, जे आई नाही. जिच्याजवळ बोललं तर घरात लगेच भांडण होत नाही, पण जी ऐकून सोडूनही देत नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा गाणं शिकवू शकतो, खेळ घेऊ शकतो. हे काम त्याच्या वयाचं नाही. हे आपल्या वयाचं काम आहे. आपण लीडर होतो ते आपल्या मुलावर नजर ठेवायला नाही. आपण एकमेकांच्या मुलांना एक-एक पालक जादा देतो.

दुसरं असं. संघातली एक मुलगी तीन शनिवार आली नाही. विचारलं तर मैत्रिणी खाली बघू लागल्या. दहावीत होती, सोळा चालू होतं. घरी लग्नाची बोलणी सुरू होती. तरुण लीडर असता तर तो त्या घरी जाऊन काय बोलला असता? त्याला ओसरीवर पाणीही विचारलं नसतं. मी गेले. तिची आई तूर पाखडत होती, मीही सूप घेतलं. तासभर तुरीचंच बोललो. मग मी म्हटलं, "माझं लग्न सतराव्या वर्षी झालं. पहिलं बाळ कसं गेलं ते तुला ठाऊक आहे. तू आली होतीस तेव्हा." ती रडली, मीही रडले. मग मी तिला कायदाही सांगितला, कारण तो सांगायलाच हवा. मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण झाल्याशिवाय लग्न करता येत नाही, 2006 चा कायदा आहे, लावून देणाऱ्यालाही शिक्षा आहे. पण तिनं ऐकलं ते कायद्यामुळं नाही. तिनं ऐकलं कारण मी तिच्यासारखीच एक आई होते. बोलणी थांबली. मुलीनं मार्चमध्ये परीक्षा दिली. पुढं काय होईल ते देवाला ठाऊक. मी अजून दर महिन्याला त्या घरी जाते.

मी तुम्हाला फक्त चांगलंच सांगितलं तर ते खोटं होईल. म्हणून हेही सांगते.

नवापूरच्या स्टेशनातून महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द जाते. फलाटावरचं एक बाकडं अर्धं महाराष्ट्रात आहे, अर्धं गुजरातेत. लोक त्यावर बसून फोटो काढतात, हसतात. मला ते बाकडं बघून आपली मुलं आठवतात. चार-सहा महिने इकडं, चार-सहा महिने तिकडं. शाळेचं नाव इकडच्या हजेरीत आणि हात तिकडच्या उसात.

माझ्या गटात नववीचा एक मुलगा होता. गणितात हुशार. दिवाळीनंतरच्या शनिवारी जाताना म्हणाला, "काकी, बाबांनी मुकादमाकडून उचल घेतली. आम्ही मंगळवारी निघणार." मी म्हटलं, "परीक्षेला ये हं." बस, एवढंच म्हटलं. घरी मका काढायची होती. रविवार गेला, सोमवार गेला. मला त्यांच्या घरी जाता आलं असतं. मुलाला मागं ठेवा, वसतिगृहात जागा बघू, नाहीतर माझ्या घरी राहील, एवढं बोलता आलं असतं. मी गेले नाही. मंगळवारी गाडी गेली. तो परीक्षेला आला नाही. आता शाळेतही नाही. आज त्याचे आई-बाप इथं बसले आहेत. मी त्यांना विचारूनच हे सांगते आहे. ते मला म्हणाले, "सांग. तू आली असतीस तर आम्ही कदाचित ठेवलाही असता." हा शब्द मी रोज घेऊन झोपते.

मी हे का सांगितलं? बत्तीस मुलांना चार पालक पुरत नाहीत म्हणून. त्या सोमवारी माझ्याऐवजी दुसरं कोणी गेलं असतं तर चाललं असतं. पण दुसरं कोणी नव्हतं.

आता तुमच्या अडचणी. मी त्या घरोघरी ऐकल्या आहेत.

तुम्ही म्हणता, हे पाळकाचं काम. इंग्लंडात ग्लॉस्टर नावाचं गाव आहे. तिथली पोरं आठवडाभर पिना बनवायच्या कारखान्यात राबायची आणि रविवारी रस्त्यावर हुंदडायची. 1780 मध्ये रॉबर्ट रेक्स नावाच्या माणसानं त्यांच्यासाठी रविवारची शाळा काढली. तो पाळक नव्हता, वर्तमानपत्र छापणारा होता. शिकवायला त्यानं जवळपासच्या बायका घेतल्या आणि पहिले वर्ग बायकांच्या घरात भरले. आज आपली मुलं संडे स्कूलला जातात ते काम असं घरातून सुरू झालं. आणि एली तर याजक होता. मंदिरात रोज उभा असायचा, पण त्याचे स्वतःचे मुलगे बिघडले. मोठ्या सेवकालाही सगळीकडं बघता येत नाही.

तुम्ही म्हणता, आम्ही शिकलेले नाही. तीमथ्याची आठवण करा. पौलानं त्याच्या विश्वासाचं मूळ सांगताना दोन बायकांची नावं घेतली, आजी लोईस आणि आई युनीके. आपल्या संघात एक आजी येते. तिला अक्षर ओळखत नाही. पण कुठलं पान तापाला, कुठला कंद खायचा आणि कुठला विषारी, मोहाची फुलं कशी वाळवायची, हे ती मुलांना रानात नेऊन दाखवते. शास्त्र वाचायचं काम मुलं करतात आणि तिला वाचून दाखवतात. कोण कोणाला शिकवतं ते सांगता येत नाही.

तुम्ही म्हणता, वेळ नाही. मलाही नाही. लावणीच्या दिवसांत आम्ही संघ बंद न करता बांधावरच घेतो. पाळी लावली आहे. महिन्यातले दोन शनिवार एकाचे, दोन दुसऱ्याचे. शनिवारी दीड तास. एवढा वेळ आपण बाजारात भाव करण्यात घालवतो.

आणि एक अडचण तुम्ही मोठ्यानं सांगत नाही. ती मी सांगते. तुम्हाला वाटतं, आम्ही कुठं एवढे चांगले? एक बाप मला म्हणाला, "मी पितो. मी काय मुलांना शिकवू?" तो खरं बोलला, त्याबद्दल मी त्याचे आभार मानले. आम्ही त्याला लीडर केलं नाही. मुलं सोपवायची तर काही गोष्टी सांभाळाव्याच लागतात. पण त्याला म्हटलं, "तुला दोर छान वळता येतो. शनिवारी ये, दाखव. त्या दिवशी फक्त पिऊ नकोस." तो आला. दुसऱ्या शनिवारीही आला. तो अजून पितो, मी लपवत नाही. पण शनिवारी पीत नाही. त्याचा मुलगा ते शनिवार मोजतो. परवा मला म्हणाला, "काकी, अकरा झाले."

आता सुरक्षेचं बोलते. पाहुण्यांनी विचारलं होतं, म्हणून नीट सांगते. चांगल्या मनाचा माणूस आला म्हणून आम्ही मुलं त्याच्या हाती देत नाही. आधी पंचांसमोर नाव जातं, मग तीन महिने दुसऱ्याबरोबर बसायचं. कुठलाही मोठा माणूस मुलाबरोबर एकटा राहत नाही. नेहमी दोन मोठी माणसं, दार उघडं. मुली शिबिराला जाणार असतील तर बायका बरोबर असल्याच पाहिजेत. मोबाइलवर मुलांना रात्री निरोप पाठवायचा नाही. आणि एखाद्या मुलानं सांगितलं की कोणी त्याला नको तसा हात लावला, तर ते गुपित राहत नाही. "कोणाला सांगू नका काकी" म्हटलं तरी नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत असं कळलं तर पोलिसांना कळवावंच लागतं, मग तो माणूस चर्चचा असो, नात्यातला असो. 1098 हा नंबर आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे. फोन फुकट लागतो, दिवसा आणि रात्रीही. तुम्ही सगळे जितके जास्त याल तितकी मुलं सुरक्षित राहतील. जिथं पालक येत-जात असतात तिथं वाईट माणसाला अंधार मिळत नाही.

पाहुण्यांना दोन शब्द. तुम्ही आम्हाला गाण्यांची पुस्तकं पाठवलीत, सौर दिवे पाठवलेत. आमची मुलं त्या उजेडात वाचतात, देव तुम्हाला आशीर्वाद देवो. पण आमच्या मुलांना आई-बाप तुम्हाला पाठवता येणार नाहीत. ते आम्हालाच द्यायचे आहेत. आणि रागावू नका, पण विचारते. तुमच्या शहरातल्या मंडळीत तरुण संघ कोण बघतं? तिथंही एखादा एकोणीस वर्षांचा मुलगाच एकटा गिटार घेऊन बसलेला असतो का? त्यालाही उद्या बंगळूरला नोकरी लागेल. इथून घरी न्यायला आमच्याकडं तूरडाळ आहे, आणि हा प्रश्न आहे.

आता माझं मागणं. पुढच्या महिन्यात पाऊस पडेल, शाळा उघडतील. दिवाळीनंतर मुकादमाच्या गाड्या पुन्हा येतील. मधे पाच महिने आहेत. मला या दारात आज आठ नावं हवी आहेत. चार आया, चार बाप. लिहिता येत नसेल तर अंगठा चालेल. त्या आठ जणांनी पुढच्या शनिवारी नुसतं येऊन बसायचं, काही शिकवायचं नाही. मुलांची नावं ऐकायची. कोण गप्प बसतं, कोणाची चप्पल तुटली आहे, कोणाच्या डोळ्याखाली काळं आहे, ते बघायचं. माप घेणं म्हणजे एवढंच.

ज्यांना दिवाळीनंतर जावंच लागेल, त्यांना मी दोष देत नाही. पोट आहे. पण जाण्याआधी संघाला सांगा. तुमचं पोर आम्ही आठ-दहा घरांत ठेवू. आणि तुम्ही परत याल तेव्हा त्याचं माप आम्ही तुम्हाला सांगू.

वही त्या टेबलावर आहे. पेन मी बांधून ठेवला आहे, कारण मागच्या वेळी हरवला होता.

आपण प्रार्थना करू या. आणि प्रार्थना झाल्यावर लगेच जेवायला पळू नका, आधी वहीकडे या.